हौसाबाईची डिग्री

क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या त्या घरात सगळे मला काकू म्हणायचे, आणि काकू म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यांना ते माझं नावच वाटायचं. ड्यूटीच्या फळ्यावर काकू, आग लागली तर कोणी कुठे उभं राहायचं त्या कागदावर काकू. एकदा एका नव्या डॉक्टरने फोनवर विचारलं, "मिसेस काकू बोलताय का?" मी म्हटलं, "येस." काय करणार! पिंपरीत अख्ख्या चाळीची काकू होतेच, न्यूझीलंडला येऊन कागदोपत्री झाले.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. घर बाहेरून शेजारच्या घरांसारखंच. पुढे गवत, मागे कपडे वाळत घालायची गरागरा फिरणारी छत्री. आत राहणाऱ्या माणसांनी मात्र अर्ध्याहून जास्त आयुष्य मनाच्या आजारात आणि मोठमोठ्या इस्पितळांत काढलेलं. ती इस्पितळं बंद झाली, तेव्हा माणसं अशा साध्या घरांत राहायला आली. त्यांच्यासोबत असणं हे माझं काम, हुद्दा सपोर्ट वर्कर. आम्ही नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. बँकेत जायचंय, चल. बटाटे उकडायचेत, उकडू. आज अंथरुणातून उठवत नाही? बरं, मी इथे खुर्चीत बसते.

मी तिथे खरं तर साफसफाईला लागले होते. आमचे हे जवळच्याच वर्कशॉपमध्ये टूलमेकर, मी घरात एकटी. मॅनेजर होती मेरे, माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली बाई. अंगाने भक्कम, हसली की कपाटातल्या बश्या वाजाव्यात. एक दिवस म्हणाली, "काकू, तू लादी पुसताना लोक तुझ्याशी बोलतात. माझ्याशी बोलत नाहीत. तू सर्टिफिकेटचा कोर्स कर." मला घामच फुटला. नववीतून शाळा सोडलेली बाई मी. आता शाळा सोडल्याचा दाखला मागणार, मग सगळं बाहेर येणार. मी आठवडाभर तिला टाळत राहिले. शेवटी तिने स्वयंपाकघरात गाठलं, तेव्हा सांगून टाकलं. ती म्हणाली, "मीही पंधराव्या वर्षी सोडली. मग?" दाखला कुणी मागितला नाही. या देशाचे माझ्यावर जे उपकार आहेत, त्यांत हा पहिला मोजते.

मेरेचा नियम एकच. त्यांच्यासाठी करू नकोस, त्यांच्याबरोबर कर. ऐकायला सोपं, पण आपल्याकडच्या बाईला विचारा! समोर कुणी कांदा वेडावाकडा चिरतंय आणि आपण हाताची घडी घालून बघायचं. हात नुसते शिवशिवतात.

या शिवशिवणाऱ्या हातांनीच सुरुवातीला घोळ केला. घरात ग्लेनिस नावाची सत्तरीची बाई होती. विशीत इस्पितळात गेली होती ती म्हातारी होऊन बाहेर पडली. बोलायची फार कमी. एका गारठ्याच्या दिवशी मला माया आली. मोठं पातेलं घेतलं, आलं ठेचलं, पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकत्र घालून मस्त उकळलं आणि कप भरून सगळ्यांपुढे ठेवले. बाकीचे घोट घ्यायला लागले. ग्लेनिसने कपात पाहिलं, उठली आणि कप सिंकमध्ये ओतला. मग दुसऱ्याचा ओतला, तिसऱ्याचा ओतला. शेवटी पातेलं उपडं केलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी रडकुंडीला आले. मेरेने शांतपणे सांगितलं, "तिथे चहा असाच यायचा. मोठ्या भांड्यात, दूध-साखर आधीच घालून. तुला कसा हवाय हे इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नाही."

म्हणजे जो चहा आमच्याकडे पाहुण्याचा मान, तोच तिच्यासाठी कैद! त्यानंतर मी किटली, दुधाचा जग, साखरेचं भांडं वेगवेगळं टेबलावर मांडायला लागले आणि रोज विचारायला लागले, "ग्लेनिस, तुझा चहा कसा?" पुष्कळ दिवस उत्तर आलं नाही. मग एकदा म्हणाली, "ब्लॅक." तोंडात घेतला, वाकडं तोंड केलं आणि म्हणाली, "नो. मिल्क." आवड शोधत होती बिचारी. ती शोधायलाही सवय लागते.

त्या वेळी ऋजुता तिथेच होती. तिच्यासाठीच तर हे लिहायला बसले.

ऋजुता सरनाईक. आईवडील दोघेही पुण्याचे, आयटीतले. ही पाच वर्षांची असताना इथे आली. युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकायची आणि शनिवार-रविवार आमच्याकडे काम करायची. आली त्या दिवशी दोन वेण्या, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि तोंड मिटायचं नाव नाही. कुणी गप्प बसलं की हिला वाटायचं आपलंच चुकलं, मग दोघांचंही हीच बोलायची. मी म्हणायची, "अगं, जरा श्वास घे. समोरच्यालाही घेऊ दे."

"काकू, सायलेन्स मला हँडलच होत नाही."

"मग तो हँडल धरून बस, पण गप्प बस."

पदवीचं शेवटचं वर्ष आलं तशी ही पोर सुकायला लागली. पुढे काय शिकायचं हा प्रश्न. डोक्यात कुणा पाहुण्या प्राध्यापकाने एक खूळ भरवून दिलं होतं, ग्लोबल मेंटल हेल्थ. जगात जिथे मनाचे डॉक्टर नाहीतच, तिथल्या माणसांना मदत कशी पोचवायची, त्याचं शास्त्र. पण त्या नावाची डिग्री तेव्हा इथे नव्हती. जायचं तर दुसऱ्या कुठल्या तरी दाराने आत शिरायला हवं. जेवणाच्या टेबलावर माहितीपुस्तकं पसरून ती मला समजवायची. मला समजावता समजावता स्वतःला समजवायची, हे मला कळत होतं.

"हे क्लिनिकल सायकॉलॉजी. एक पेशंट, एक खोली, एक तास. सीट्स अगदी थोड्या, हीप्स ऑफ लोक अप्लाय करतात. हे सोशल वर्क. म्हणजे त्या माणसाचं घर, फॅमिली, गव्हर्नमेंटचं बेनिफिट, सगळं. आणि हे पब्लिक हेल्थ. यात पेशंट दिसतच नाही काकू. हजार माणसांचा विचार करायचा. त्यांच्यापर्यंत काय पोचतं, काय नाही, का नाही."

"दिसतच नाही? मग करमायचं कसं तुला?"

"तेच ना!" आणि टेबलावर डोकं टेकायची.

तिच्या बाबांचं मात्र ठरलेलं होतं. भारतीय दुकानात भाजी घेताना मला गाठून म्हणाले, "काकू, तुमचं ऐकते ती. समजवा. क्लिनिकल केलं की नावापुढे डॉक्टर लागतं, कुठेही गेली तरी मान आहे. पब्लिक हेल्थ म्हणजे काय हो? 'हात धुवा'चं पोस्टर!"

मी मान डोलावली. शिकलेल्या माणसांपुढे माझी मान आपोआप डोलते, जुनी खोड आहे. पण घरी येऊन यांना म्हटलं, "माझ्यासारखीच्या सल्ल्याने कुणाच्या लेकराचं भलतंच काही झालं म्हणजे?" हे म्हणाले, "मग देऊ नकोस सल्ला." बरोबर होतं त्यांचं. मी ठरवलं, तोंड बंद.

ऋजुताने क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ, दोन्हीकडे अर्ज केले. क्लिनिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर उभी. "काकू, मुलाखतीला सपोर्ट म्हणून फानाऊला नेता येतं. तू येशील?"

ही इथली रीत. फानाऊ म्हणजे कुटुंब, पण रक्ताचंच असलं पाहिजे असं नाही. मुलाखतीला माणूस एकटा जात नाही, आपली माणसं सोबत नेतो, आणि ती माणसं त्याच्याविषयी चार शब्द बोलतातही. माओरी लोकांची ही रीत आता सगळ्यांसाठी खुली आहे. मी म्हटलं, "अगं, आईबाबांना ने."

"बाबा आले तर पॅनेलचीच मुलाखत घेतील."

मी हो म्हटलं. यांनी निघताना बजावलं, "तू फक्त बस. बोलू नकोस." मीही तेच ठरवून गेले. पांढरी साडी नेसले, बुद्धवंदनेला जाताना नेसते ती.

खोलीत पॅनेलची तीन माणसं. मधोमध एक वयस्कर माओरी गृहस्थ. त्यांनी प्रार्थना म्हटली, किया ओरा म्हणत नमस्कार केला, मग प्रत्येकाने आपला डोंगर आणि आपली नदी सांगून ओळख करून द्यायची. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझा डोंगर घोरावडेश्वर, तिथे आमची लेणी आहेत. माझी नदी पवना." कित्येक वर्षांत पवनेचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलं आणि भीती थोडी गेली.

ऋजुता छान बोलली. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही हिच्याविषयी काही सांगाल?"

आता बघा. आपल्याकडे आपल्या पोराचं चारचौघांत कौतुक करतात का? कुणी म्हटलं, तुमची मुलगी हुशार हो, तर आई लगेच म्हणते, "कसली हुशार! शिंची एक काम धड करत नाही." दृष्ट लागू नये म्हणून, आणि आपल्याच तोंडाने आपलं गोड बोलू नये म्हणून. मी त्याच वळणाची. तोंड उघडलं आणि माझ्या तोडक्या इंग्रजीत ते आपसूक बाहेर पडलं.

"फार बोलते. गप्प बसवत नाही हिला. हट्टी तर इतकी! कपाट आवरत नाही आणि जग आवरायला निघाली आहे. मागच्या महिन्यात आमच्या घरातल्या एक बाई रडल्या, तर त्यांच्या आधी हीच रडली."

ऋजुताचे कान लाल. इथे लोक आपल्या माणसाची स्तुती करायला येतात हे मला तेव्हा आठवलं! काय केलं हे मी!

पॅनेलमधल्या दुसऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या घरात कुणी आजारी असतं, तर या मुलीकडे पाठवलं असतं?"

सावरायची हीच संधी. हो म्हणायचं होतं, नुसतं हो. पण आई आठवली.

"माझी आई आजारी होती," मी म्हटलं. "पण ती अशा खोलीपर्यंत पोचलीच नसती."

मग सांगत सुटले. माझा तान्हा भाऊ गेला आणि आईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. चूल पेटेना. मी नववीत होते, दप्तर खुंटीला अडकवलं आणि भाकऱ्या बडवायला लागले. बाबासाहेबांना मानणारं आमचं घर, तरी शेजाऱ्यांच्या आग्रहाने अंगारेधुपारे झाले. दवाखान्यात ताकदीची इंजेक्शनं झाली. याला आजार म्हणतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीत शेवटच्या खोलीत हौसाबाई राहायची. अंगठाबहाद्दर बाई. ती रोज दुपारी आपलं तांदळाचं सूप घेऊन यायची आणि आईच्या उशाशी बसून तांदूळ निवडायची. काही विचारायची नाही, समजवायची नाही. मध्येच एखादा खडा दाखवायची, "बघ गं, केवढा मेला." कित्येक दुपारी अशाच गेल्या. एके दिवशी आईने कूस वळवली आणि सुपात हात घातला. पुरती बरी नाही झाली ती कधी. पण उठली. शाळा काही मला परत मिळाली नाही, आई मात्र मिळाली.

"तर," मी म्हटलं, "आईला या मुलीकडे पाठवता आलं नसतं. हौसाबाईच हवी होती. पण हौसाबाई एकाच चाळीत होती."

ते वयस्कर गृहस्थ उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. बाहेर आल्यावर मी ऋजुताचा हात धरला. "माझ्यामुळे घालवलीस गं सीट."

ती पार्किंगमध्ये उभी. चक्क गप्प. मग म्हणाली, "काकू, हौसाबाई तयार करता येते का? शिकवता येतं तसं बसायला?"

"मला काय माहीत! मी नववी."

सीट गेली नाही. तिची निवड झाली, आणि तिने ती नाकारली. पब्लिक हेल्थ घेतलं. तिने हे घरी सांगितलं त्या संध्याकाळी सरनाईकांचा फोन आला. इतकी वर्षं अदबीने बोलणारा माणूस, आवाज फुटला होता.

"काकू, कोण ही हौसाबाई? पिंपरीची? तिने माझ्या मुलीचं करिअर ठरवायचं?"

ते पुढे म्हणाले, "तुम्ही शिकला असतात तर कळलं असतं काय गमावलं तिने." आणि फोन ठेवला.

ते लागलं. खरं असल्यामुळे जास्त लागलं. मंडळाच्या गणपतीत सरनाईक समोर आले की हॉलच्या दुसऱ्या टोकाला जायचे. मृणालताई, ऋजुताची आई, लांबूनच हसायच्या. आमच्या यांनी मला एकदा म्हटलंही, "बघ, तोंड बंद ठेवायचं होतं." मलाही तेच वाटायचं. पोरीचं वाटोळं तर नाही ना केलं? ही काळजी मी वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपले.

ऋजुताने हॉर्नबीचं काम सोडलं त्या शेवटच्या रविवारी ग्लेनिसने आपणहून किटली लावली. दोन कप मांडले आणि ऋजुताला विचारलं, "हाऊ डू यू टेक इट?" ऋजुताने सांगितलं, दूध, साखर नको. ग्लेनिसने तंतोतंत तसा केला. दोघी बसून प्यायल्या. ऋजुता संपूर्ण कपभर एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, शिकली पोर. पण बोलले काय? "कप विसळून ठेव."

मग ती शिकली, आणि पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटावर कामाला लागली. मनाचा डॉक्टर तिथे नाही. चर्चमधल्या बायकांना, दवाखान्यातल्या नर्सना, खचलेल्या माणसाजवळ कसं बसायचं ते ही शिकवते. कधी जमतं, कधी नाही. एका गावातून तर बायकांनी हिला हाकलून दिलं होतं, फार प्रश्न विचारते म्हणून. मी म्हटलं, "बरोबर केलं त्यांनी."

दशक संपत आलं तेव्हा मंदी आली. सरनाईकांची नोकरी गेली. इतरांच्याही गेल्या, पण या माणसाने घराबाहेर पडणं सोडलं. एक दिवस मृणालताईंचा फोन.

"काकू, हे उठत नाहीत हो. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू आहेत. पण भिंतीकडे तोंड करून पडतात. ऋजूला कळवू देत नाहीत. तुम्ही..." पुढचं त्यांना बोलवेना. "तुम्ही येऊन बसाल का?"

ज्याने माझी अडाणी म्हणून बोळवण केली, त्याच्या उशाशी मी काय तोंड घेऊन बसायचं? आणि इथे तांदूळ येतो तो पाकिटात, चकचकीत, खडा औषधाला सापडत नाही. दुकानात गेले. मेथी आली होती. चार जुड्या उचलल्या.

त्यांच्या खोलीत खुर्ची ओढली, जमिनीवर पेपर पसरला आणि मेथी निवडायला लागले. त्यांनी पाहिलं, पाठ फिरवली. मी दुसऱ्या दिवशी परत गेले. मेथी संपली तेव्हा मटार नेले, मटार संपले तेव्हा पुन्हा मेथी. मृणालताई बिचाऱ्या रोज पराठे लाटत होत्या.

अशाच एका दुपारी पाठमोरा आवाज आला. "काड्या कोवळ्या असतील तर टाकू नका. आई ठेवायची."

"कोणत्या ठेवू?" मी विचारलं.

ते उठून बसले. एक काडी हातात घेतली, नखाने मोडून पाहिली. "ही ठेवा." मग दुसरी. मग त्यांनी जुडीच जवळ ओढली. खाली बघत म्हणाले, "काकू, हौसाबाई हीच का?"

मी म्हटलं, "तिचा हात भराभर चालायचा. मी हळू आहे."

ते हसले नाहीत. रडले. मी मेथी निवडत राहिले.

मेथीने माणूस बरा झाला असं कुणी समजू नका. डॉक्टर होते, गोळ्या होत्या, पुढे लहानशी का होईना नोकरीही लागली. हे सगळं सरनाईकांना विचारूनच लिहितेय. म्हणाले, "नावं बदला, मेथी बदलू नका." बरं वाटायला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच ऋजुताला फोन लावला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझं ते हात धुवायचं पोस्टर आमच्या घरी येऊन बसलं होतं."

त्या संध्याकाळी ऋजुताचा मला फोन. मागे समुद्राचा आवाज. नुसती रडत होती. मग म्हणाली, "काकू, मी बरोबर चूज केलं ना? आय नो, तू कधीच म्हणत नाहीस. बट जस्ट वन्स, एकदा तरी मला चांगलं म्हण ना."

घशाशी आलं होतं. अगदी ओठांवर. मी म्हटलं, "आवाज बारीक झालाय तुझा. जेवतेस का नीट?"

ती रडता रडता हसायला लागली आणि इथली पोरं 'झकास' म्हणायला म्हणतात ते म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, काकू."

आता मी निवृत्त आहे. ग्लेनिस गेली. शेवटपर्यंत दूध आणि दोन चमचे साखर. मेरे अजून हसते, बश्या अजून वाजतात. ऋजुताला मराठी ऐकून सगळं कळतं, वाचायला मात्र एक अक्षर येत नाही, म्हणून ही मराठीतली जागा मला बरी सापडली. इथे लिहून ठेवते. पोर फार गुणाची निघाली. बरोबर निवडलंस गं बाई. माझी आई तुझ्या हाती निर्धास्त सोपवली असती.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला ती भेटलीच, तर हे तिला वाचून दाखवू नका. फार बोलते म्हणावं, आणि कपाट आवर.